ओठाला न कळलेली टाचणी

माझा नवरा शिंपी. घराणं विणकरांचं, पण सासऱ्यांच्या काळातच हातमाग बंद पडला आणि ह्यांनी शिलाई मशीन घेतली. नागपुरातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. ते कापड कापत, मी काजं-बटणं आणि तुरपाई करत असे. काम करताना टाचण्या ओठांत धरायची त्यांना सवय.

एका दुपारी मी मान वर केली, तर त्यांच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. टाचणी खालच्या ओठात रुतली होती आणि ते निवांत बाही जोडत बसले होते.

"अहो, दुखून नाही राहिलं का?"

त्यांनी ओठाला हात लावला, बोटाकडे पाहिलं. "मले तर काहीच समजलं नाही वं." मग हळूच म्हणाले, "ही बाजू लय दिवसांपासून सुन्न आहे."

"मग सांगितलं काहून नाही?"

त्यांनी टाचणी काढून उशीत खोचली. न सांगण्याचं कारण मला ठाऊक होतं. सुपारी-तंबाखूचा खर्रा त्यांनी वर्षानुवर्षं खाल्ला होता. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सोडला. खर्रा खाऊन तोंडाच्या कॅन्सरनं गेलेली माणसं आमच्याच गल्लीत होती.

दातांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाची नस जाते. तिची वाट एका जागी फुगून गोल सावलीसारखी दिसत होती. त्यांनी आम्हाला धंतोलीला सर्जन बाईंकडे पाठवलं. बाईंनी आधी सुई घालून पाहिली. पाणी आलं नाही, म्हणजे पाण्याची गाठ नव्हती. मग आतला छोटा तुकडा काढून तपासायला दिला. पहिल्या तपासणीत नक्की काही ठरेना. लांबट पेशी दिसत होत्या, पण त्या कशाच्या, हे कळायला वेगळे रंग देऊन पुन्हा पाहावं लागणार होतं.

आम्ही वाट पाहत होतो तेव्हाची गोष्ट. एके सकाळी ह्यांनी मोठी कैची माझ्या हातात दिली. त्या कैचीला ते कोणाला हात लावू देत नसत.

"पँट कापायले शीक."

मी खडूच्या रेघेवरून कापू लागले. "कापड उचलू नको, टेबलावरच राहू दे," म्हणत त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, हे मला का शिकवत आहेत ते. मी कैची खाली ठेवली.

"मले नाही शिकाचं. तुम्ही आहे ना कापाले!"

"शिकून ठेव ना वं," एवढंच म्हणाले.

मी आत जाऊन तोंड धुतलं, परत आले आणि कैची उचलली. ती पँट एका पायात आखूड झाली. ती समोर धरून आम्ही दोघंही पोटभर हसलो.

मग बाईंचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत नेलं. डॉक्टरांनी ह्यांना मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

"पेशी रांगेनं उभ्या दिसतात? अशा रांगा या गाठीत दिसतात. रंगाच्या तपासणीनंही तेच सांगितलं. ही नसेच्या वेष्टनाची गाठ आहे. जबड्याच्या हाडात फार क्वचित होते. कॅन्सर नाही."

ह्यांनी मायक्रोस्कोपवरचा डोळा हलवलाच नाही. मला वाटलं, ऐकलं नसावं. मग दिसलं, खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला. डॉक्टर पाणी आणायला उठले.

पाणी पिऊन ह्यांनी विचारलं, "खर्र्यानं झाली का साहेब?"

"नाही. पण म्हणून पुन्हा सुरू करू नका."

ऑपरेशनमध्ये बाईंनी गाठ नसेवरून अलगद सोडवून काढली. नस बरीचशी वाचली. काही आठवडे मऊ वरण-भात चालला. ओठात हळूहळू मुंग्या येऊ लागल्या, मग गरम-गार कळू लागलं. कोपऱ्यातली थोडी जागा मात्र बधिरच राहिली.

पुढच्या एका एक्स-रेत गाठीच्या जागच्या पोकळीत नवीन हाड भरताना दिसलं. त्या दिवशी परतताना ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि झोपले. लग्न झाल्यापासून हा माणूस रस्त्यानं नेहमी माझ्यापुढे दोन पावलं चालत आलेला. ऑटोवाला आरशातून पाहत होता. पाहू दे, म्हटलं. बाजूनं ऊन येत होतं. मी पदर ओढून त्यांच्या डोळ्यांवर धरला.