धप्प वाजणारा फ्रीज

आमच्या घरात माठ आणायचा तो मायनेच, हा अलिखित कायदा होता. माय म्हणजे माझी आई. कुंभाराच्या रांगेतला प्रत्येक माठ ती हातात घ्यायची, बोट वाकवून त्याच्या पोटावर ठोकायची, कान जवळ न्यायची आणि लगेच निकाल द्यायची. टणटण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर कच्चा. गुजरातेत, नवागामच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाया उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला सोबत घेऊनच बाजारात जायच्या. तिने निवडलेला माठ कधी फुटका निघाला, असं मी ऐकलं नाही. त्यामुळे उधन्याच्या शोरूममध्ये तिने पहिल्याच फ्रीजच्या कुशीवर टकटक केली तेव्हा मला नवल वाटायला नको होतं. नवल वाटलंही नाही. संताप आला.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते, आणि शिकलेल्या मुलीला आईची लाज वाटायला फार मोठं कारण लागत नाही. शिवाय फ्रीज घ्यायला आम्ही हौस म्हणून निघालोच नव्हतो. आबांच्या पायाचा प्रश्न होता.

आबा, म्हणजे माझे वडील, बमरोलीला कापडाच्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. सगळी पाळी उभ्याने. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती काही केल्या भरेना, तेव्हा डॉक्टरांनी साखर तपासली आणि कपाळाला हात लावला. गोळ्यांनी भागणार नव्हतं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचं, आणि साखर ताब्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, कदाचित पुढचा पायही. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिनेच माझी झोप उडवली. इन्सुलिन उष्णतेने खराब होतं, पण खराब झालेलं दिसत नाही. दूध नासलं की कळतं, भात आंबला की कळतो. ही बाटली मात्र तशीच्या तशी दिसते आणि आतलं औषध पाण्याच्या मोलाचं होऊन बसतं. आमची खोली पत्र्याची होती. एप्रिलमध्ये दुपारी तिथे खोबरेल तेलाची बाटलीही हाताला गरम लागायची.

म्हणून बाटली राहायची बांकडे. गल्लीच्या टोकाला पक्कं घर असलेल्या त्या गुजराती म्हाताऱ्या बाई, सगळी गल्ली त्यांना बा, म्हणजे आई, असंच म्हणायची. त्यांच्या स्वयंपाकघरात एक फ्रीज होता. त्याला फ्रीज म्हणताना मला संकोच वाटतो, कारण ते एक संस्थान होतं. गोल खांदे, जीपच्या दाराला असते तशी लोखंडी मूठ, मूळचा पांढरा रंग हस्तिदंतासारखा पिवळा पडलेला, आणि डोक्यावर बांनी स्वतः विणलेला रुमाल. तो सुरू होताना असा हादरायचा की वरची स्टीलची डबी सरकायची. थांबताना एक दीर्घ सुस्कारा टाकायचा. बांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो घरात आला होता. इतक्या वर्षांत दाराचं रबर तेवढं बदललं होतं. आतली मोटर कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

मी संध्याकाळी आबांची बाटली आणायला जायचे तेव्हा त्या दारासमोर क्षणभर उगीच उभी राहायचे. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला असायचा, आणि ही मूठ खाली ओढली की आतून पांढरा गारवा पायांवर उतरायचा. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर वाटतं तसं मला तिथे वाटायचं, यात अतिशयोक्ती नाही. लोखंडाच्या एका पेटीत कुणीतरी हिवाळा बंद करून ठेवला आहे आणि तो इतकी वर्षं पळून गेलेला नाही, याचं मला दर खेपेला नव्याने आश्चर्य वाटायचं.

मग बांचा मुलगा त्यांना बडोद्याला न्यायला निघाला. घर विकायचं ठरलं. सून म्हणत होती, आमच्याकडे नवा फ्रीज आहे, हा भंगारात देऊन टाका. बा एका वाक्यावर अडून बसल्या होत्या, "ए आवे तो ज हुं आवुं." तो येणार असेल तरच मी येते. त्यांच्या हट्टाचं सगळ्या गल्लीला हसू आलं. आम्हाला हसू येईना, कारण तो फ्रीज गेला की आबांची बाटली कुठे ठेवायची हे आम्हाला माहीत नव्हतं.

आपलाच फ्रीज घ्यायचा असं ठरलं. घ्यायचा तर टिकाऊ घ्यायचा, कारण पुन्हा घेणं होणार नव्हतं. आणि इथेच पंचाईत होती. ते दिवस असे होते की बाजारात दर महिन्याला नवं काहीतरी यायचं. नवे रंग, नवी नावं, टीव्हीवर नव्या जाहिराती. पण ज्याला विचारावं तो एकच रडगाणं गायचा. कारखान्यातला वायरमन आबांना म्हणाला की आताचा पत्रा पापडासारखा आहे. माझ्या शाळेतल्या एका बाईंचा नवा फ्रीज वर्षभरात बंद पडला होता आणि त्यात त्या आता डाळी-साळी ठेवत होत्या. गॅरंटी जाऊन वॉरंटी आली होती, आणि दोन्हींत फरक काय हे दुकानदारालाही नीट सांगता येत नव्हतं. सगळं दिसायला झकास आणि आतून राम नाही, अशी तेव्हाची हवा होती.

तर त्या शोरूममध्ये माय एकेका फ्रीजला ठोकत चालली होती. विक्रेता तरुण होता, केसांना तेल, खिशाला दोन पेनं. आधी तो हसला, मग गिऱ्हाईक आहे हे ओळखून गंभीर झाला. मी छापील पत्रकं वाचत होते, लिटर विचारत होते, बर्फाचा कप्पा किती मोठा ते बघत होते, आणि मायकडे माझं लक्षच नाही असं दाखवत होते. कोपऱ्यात मागे एक पांढरा, ठेंगणा, जाड दाराचा फ्रीज होता. त्यावर धूळ होती. मायने त्याला ठोकलं. धप्प. मऊ, बसका आवाज.

"हाऊ कच्चा से," ती गावाकडच्या बोलीत म्हणाली आणि पुढे गेली.

पुढे एक तांबडा फ्रीज होता, पातळ, उंच, चकचकीत. मी दारातून आत शिरले तेव्हापासून माझा जीव त्याच्यात अडकला होता. मायने ठोकलं. टण्ण. तिने पुन्हा ठोकून पाहिलं, कान लावला, आणि तिचा चेहरा खुलला. विक्रेता मला गुजरातीत म्हणाला की माजींना मालाची पारख आहे. का नाही म्हणणार, त्याला तोच खपवायचा होता. आम्हा दोघी मायलेकींचं आयुष्यात पहिल्यांदाच एका वस्तूवर एकमत झालं. रविवारी येऊन घेऊन जायचं ठरवलं आणि मी घरी येईपर्यंत त्या तांबड्या रंगाला शोभेल असा पडदा शोधत होते.

मधल्या दिवसांत एका संध्याकाळी मला शाळेतून यायला उशीर झाला, म्हणून बाटली आणायला माय गेली. ती परत येईना. आबांची जेवणाची वेळ टळत होती. मी बांच्या घरी पोचले तर सामान बांधायचं चाललं होतं, गाद्यांच्या वळकट्या, पोत्यात भांडी, आणि स्वयंपाकघरात माय त्या म्हाताऱ्या फ्रीजला कान लावून उभी. बा शेजारी पाटावर बसून तिच्याकडे बघत होत्या. मायने बोट वाकवलं आणि ठोकलं.

धप्प.

तिने वर ठोकलं, खाली ठोकलं, दारावर ठोकलं. सगळीकडे तोच आवाज, भरलेल्या धान्याच्या कोठीचा. माय माझ्याकडे वळली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. आयुष्यभर ज्या विद्येवर विसंबली ती विद्या चुकली, याचं दुःख त्यावर नव्हतं. लहान मुलाला पहिल्यांदा समुद्र दाखवल्यावर ते जसं बघतं, तशी ती त्या पिवळ्या पेटीकडे बघत होती. मी म्हटलं, चल, आबा थांबलेत. ती म्हणाली, थांबू दे. मग सावकाश, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "माठ पाझरस म्हनीसन गार व्हस. हाऊ पाझरना ते मरी गया."

माठ पाझरतो म्हणून गार होतो, हा पाझरला तर मेला. शाळेत मी मुलांना बाष्पीभवन शिकवत होते. पुस्तकातला माठ आणि घरातला माठ हा एकच माठ आहे, आणि बांचा फ्रीज त्याच्या नेमका उलट आहे, हे माझ्या डोक्यात कधी शेजारी शेजारी आलं नव्हतं. तिच्याही आलं नव्हतं. माठाला भिंत पातळ हवी, भाजलेली हवी, सच्छिद्र हवी. याला भिंत जाड हवी, काहीतरी ठासून भरलेलं हवं, गारवा बाहेर डोकावूही नये. टणटण वाजणारं ते पोकळ. आम्ही मोठ्या आनंदाने पोकळ फ्रीज निवडून आलो होतो. मला हसू फुटलं आणि मायलाही. बांना काय झालं ते कळलं नाही, पण आमच्या हसण्यात त्याही सामील झाल्या आणि म्हणाल्या की मी तर नुसता पुसत आले याला, वाजवून कधी पाहिला नाही.

रविवारी त्या विक्रेत्याची फजिती झाली. मायने तांबड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. थेट कोपऱ्यात गेली, पदराने धूळ झटकली आणि ठोकून म्हणाली, हा द्या. तो म्हणाला, परवा तर तुम्हीच याला कच्चा म्हणालात. माय म्हणाली, परवा मी माठ घ्यायला आले होते. त्याने बरेच प्रयत्न केले. हे मॉडेल जुनं, बनायचं बंद झालं, वजनाला जड, रंग एकच. त्याच्या प्रत्येक दोषावर माय मान डोलवत होती. ती दाराचं रबर दाबून बघत होती, दार लावून फटीवरून हात फिरवत होती. मी त्या तांबड्याकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

तो पांढरा फ्रीज टेम्पोतून आला. उतरवताना गडी लोक कुरकुरले, इतका जड. सोबत स्टॅबिलायझर आला, कारण आमच्या भागात शेजारचे लूम सुरू झाले की दिवे मिणमिणायचे. दुसऱ्या दिवशी आबांनी पहिला बर्फाचा तुकडा तळहातावर घेतला आणि तो पूर्ण वितळेपर्यंत धरून ठेवला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी पुसलं नाही. जन्मभर यंत्रांपाशी उभा राहिलेला माणूस, यंत्राने काही हातावर ठेवावं याची त्याला सवय नव्हती. त्या दिवसापासून ते फ्रीजला फार जपायचे. जपायचे म्हणजे दारच उघडू द्यायचे नाहीत. मी पाण्याची बाटली काढली तरी बघायचे.

मे महिन्यात आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सकाळी गेलेली वीज दुपारीही आली नाही. लूम बंद, पंखे बंद, नवागामात कधी अनुभवली नव्हती इतकी शांतता. आबा घरी होते. पाय स्टुलावर ठेवून ते फ्रीजसमोर बसले, राखण करावी तसे. पत्रा तापून तडतडत होता. आत नवीकोरी भरलेली बाटली होती, आदल्या दिवशीच आणलेली.

संध्याकाळ झाली, इंजेक्शनची वेळ झाली. मी सिरिंज काढली. आबा म्हणाले, आज राहू दे. मला आधी कळेना. मग त्यांनी समजावलं की दार उघडलं तर साठलेला गारवा निघून जाईल, अख्खी बाटली वाया जाईल, त्यापेक्षा एक वेळ चुकली तर काय बिघडतं. काल-परवाच कुठे अंगठ्याच्या जखमेला खपली धरायला लागली होती. मी वाद घातला, डॉक्टरांचा हवाला दिला, आवाजही चढवला. ते दारापुढून हलायला तयार नव्हते. यंत्राचं नुकसान होऊ द्यायचं नाही, स्वतःचं झालं तर चालेल, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की मला भीती वाटली.

माय चुलीपासून उठून आली. ती चिडलेली नव्हती. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चारचौघांत तर सोडाच, घरातही ती असं कधी करत नसे.

"गारवा तुम्हनासाठे से," ती म्हणाली. "तुम्ही गारवासाठे नही."

आबा बाजूला सरकले. मायने दार उघडलं, बाटली काढली, दार लावलं. दिवसभर वीज नव्हती, खोलीत आम्ही घामाने भिजलो होतो, आणि त्या काचेवर दव धरलं. मी हात लावला आणि अंगावर काटा आला. इतकी गार होती ती.

माय ती आबांच्या हातात देऊन भाकरी उलटायला गेली. टोचण्याआधी आबा बाटली नेहमी दोन्ही तळव्यांत घोळवायचे, आतलं औषध सारखं व्हावं म्हणून. त्या दिवशी त्यांनी ती घोळवली नाही. गालाला लावली, डोळे मिटले, आणि फ्रीजकडे तोंड करून, हे खरंच आपल्यासाठी का अशा नवलाने, अगदी हळू विचारलं, "मनासाठे?"