चांदीचे डोळे

लेकीच्या दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो धुऊन आले. त्यातल्या एकात तिचा उजवा डोळा लाल आणि डावा पांढरा दिसत होता. फोटोवाला म्हणाला, फ्लॅशचा दोष. मला हे स्पष्टीकरण फार आवडले. बायकोला आवडले नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत गाठ असल्याचे सांगितले. डोळा काढावा लागेल, आणि लवकर. मग त्यांनी आम्हा दोघांचेही डोळे तपासले. हा आजार कधी कधी आईबापांकडून येतो म्हणे. बायकोचे डोळे स्वच्छ निघाले. माझ्या डाव्या डोळ्यात ते बराच वेळ पाहत राहिले.

"तुम्हालाही अशी गाठ होती. लहानपणी. आपोआप वाळली, वण राहिलाय."

"कशामुळे वाळली?"

"माहीत नाही. क्वचित होतं असं."

नाशकात इतक्या सरळपणे 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मला प्रथमच भेटत होता. एरवी आदर वाटला असता. आता मांडीवरची पोर माझा चष्मा ओढत होती.

आईला मात्र कारण माहीत होते. मळ्यात झेंडू तोडता तोडता ती म्हणाली, "तान्हा होतास तवा तुझा डोळा फिरायचा. गडावर देवीला चांदीचे डोळे वाहिले, बरा झाला. हिचे बी वाहू. कापाकापीची घाई नाय करायची."

नवसांची मी जन्मभर टिंगल केली होती. आता नवसाचा पुरावा माझ्याच कपाळाखाली होता. बायकोही त्याच्याकडेच पाहत म्हणाली, "थोडं थांबायचं का? तुमची गेली ना?"

डॉक्टरांना विचारले. "हिची वाढतेय," ते म्हणाले. "थांबलो आणि मेंदूकडे गेली, तर मुलगीच हातची जाईल."

मी होकार दिला. आईने बोलणे टाकले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सराफ बाजारात गेलो. एकच डोळा मिळेल का, विचारले.

"सुटा नाही देत, सर. देवीला काय एकच वाहणार?"

जोडी घेऊन आईच्या हातात ठेवली.

"आता कशाला?"

"उजव्यासाठी. तो तरी राहू दे."

तिने पुडी पदराच्या टोकात बांधली. बांधताना माझ्या तोंडाकडे न बघता विचारले, "तुझी परत तर नाय ना यायची?"

"माहीत नाही," मी म्हणालो.