काकूंच्या विहिरीचा दोर

सौंसरच्या बसचा कंडक्टर पांढुर्ण्याच्या स्टँडवर उतरला आणि चहाच्या हॉटेलच्या दारातूनच ओरडला, "गुरुजी, मोहगावच्या काकू गेल्या जी." हातातला चहा मी तसाच ठेवला... खरं सांगायचं तर बाग वाळली त्या वर्षीच काकू अर्ध्या गेल्या होत्या.

शांताकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेल्यावर संत्र्याची बाग त्यांनी एकटीने सांभाळली. संत्र्याला ताण द्यावा लागतो, म्हणजे फुलावर यावं म्हणून झाडाचं पाणी तोडायचं. आमच्याकडे बहुतेक जण हिवाळ्यात ताण देत आणि मग भर उन्हाळ्यात विहिरी उपसत. खालच्या वस्तीतल्या मजूर बायका तेव्हा पाण्याचे रिकामे गुंड-घागरी घेऊन दारोदार फिरत. काकूंनी सगळ्या बागवाल्यांना अंगणात बसवलं, चहा पाजला आणि गळ घातली, "औंदा सारे जण पावसावरचा मृग बहार धरा. उन्हाळाभर झाडं ताणावर राह्यतील, विहिरीचं पाणी वस्तीले पुरंल." आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. काकूंच्या चहाला कोण नाही म्हणणार!

त्या वर्षी मृग कोरडा गेला. आर्द्राही गेल्या. पानं गुंडाळली, फांद्या वाळू लागल्या. एकाने बोअर मारून मोटर सुरू केली, मग दुसऱ्याने, मग शब्द दिलेल्या साऱ्यांनीच. मीही काकूंना म्हटलं, "बाग मरून राह्यली काकू. मोटर लावू का?"

"झाडं पुन्हा लावता येते रे बापू. ह्या बायाइले काय सांगू, उद्या या म्हणून?"

बाग मेली. शेजारच्या बोअरांनी काकूंची विहीरही शोषून घेतली आणि वस्तीच्या हातीही काही लागलं नाही. चांगुलपणाचं फळ मिळतंच म्हणणाऱ्याला मी त्या वाळक्या खोडांत नेऊन उभं करीन. पुढच्यास ठेच लागली, पण मागचा काही शहाणा झाला नाही. बोअर अजून खोलच जात आहेत.

काकूंच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी वस्तीतल्या बायकांनीच आणलं, नाल्यातल्या झिऱ्यातून वाटी-वाटीने भरून.

विहिरीच्या चाकावर दोर अजून आहे. पाणी खाली गेलं की काकू त्याला तुकडा जोडत... आधी सुताचा, मग लुगड्याची पट्टी, शेवटी नायलॉन. तेरवीच्या दिवशी मी बादली सोडून पाहिली. एकेक गाठ हातातून सरकत गेली, दोर संपत आला, आणि खाली बादली दगडावर वाजली.