रुखमाबाईचं करवती पातळ

रुखमाबाईचा जन्म मागावर गेला. कोष्टीपुऱ्यातल्या साऱ्याच बायांसारखी ती आधी पातळाचा काठ पाहते, मग माणसाचं तोंड.

लेक अंजू परजातीच्या पोरासोबत बपेऱ्याला निघून गेली, तेव्हा नवऱ्यानं, खुशालनं, घरात तिचं नाव बंद केलं. औंदा हिवाळ्यात खुशाल वारला. मग रुखमाबाईनं टसर रेशमाचं पातळ विणलं, दातेरी लाल करवती काठाचं, आणि जीपवाल्याच्या हाती बपेऱ्याला धाडलं. निरोप दिला, "जत्रेत हेच नेसून ये म्हणा. चारचौघांदेखत घरी नेतो तुले."

चैताची जत्रा आजे-पणज्यांपासूनची. देवळापासून स्टँडपर्यंत रस्त्यावरच दुकानं. रुखमाबाई सकाळपासूनच ललिताबाईच्या बांगड्यांच्या दुकानाशी बसली होती.

"घरी जाय वं रुखमे, उन्हानं भोवळ येईल," ललिताबाई म्हणाली.

"येऊ दे. माही पोरगी येऊन राहिली."

काठ जात होते. जरीचे, छापील, मिलचे. मधेच एक पोटुशी बाई समोर येऊन थांबली. फुलाफुलाची सुती साडी, तोंड सुजलेलं. उभीच राहिली.

"सरक वं बाई, आडवी काहून आली? मले दिसत नाही."

बाई सरकली.

थोड्या वेळानं गर्दीत लाल करवत चमकली. रुखमाबाई धावली, पदर धरला. "अंजे!"

वळली ती दुसरीच. "मी सरिता, मामी. अंजूवहिनीची नणंद."

"अन् अंजू?"

"तुमच्याचकडं आली होती न! दिवस आहेत तिले, उन्हात रेशीम सोसवत नाही. म्हणे, माय काय तोंड पाहून ओळखणार नाही? म्हणून पातळ मले नेसवलं. आता रडत स्टँडकडं गेली. काय म्हटलं तुम्ही तिले?"

रुखमाबाई चप्पल तिथंच टाकून पळाली. जीप भरली होती. अंजू खिडकीशी बसली होती.

"उन्हानं डोळे दिपले वं, बाई माही. उतर खाली."

"डोळे बरोबर होते, माय. तोंडाकडं पाहिलं तू माह्या. मंग खाली साडी पाहिली, अन् म्हटलं, सरक."

"पाया पडतो तुह्या."

"नको. लोक पाहून राहिले."

सरिता चढली. जीप गर्दीतून वाट काढत तुमसरवरून बपेऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागली.

ललिताबाई मागून आली, चप्पल हातात घेऊन. "कितवा महिना आहे वं तिले?"

रुखमाबाईनं ते विचारलंच नव्हतं.