दैवशालाचे मंगळवार

वडीगोद्रीत हायवेला लागून माझं औषधाचं दुकान आहे. तीस वर्षं मी त्याच काउंटरमागे उभा आहे. कोणाच्या घरात कोणता आजार शिरला, हे गावाच्या आधी मला कळतं. दैवशालाच्या घरात तो शिरला दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आठवड्यात. सकाळी दुकान उघडत होतो तर ती अनवाणी धावत आली.

"रामप्रसादभाऊ, आण्णाचं तोंड वाकडं झालंय. हात उचलंना."

आण्णा म्हणजे तिचे वडील, आबाराव. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. ऐंशीच्या घरातले, पण काठीसारखे सरळ. पाच वर्षांपूर्वी गुडघे थकले तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि त्या पैशात पत्र्याच्या दोन खोल्यांना सिमेंटच्या भिंती आल्या. दैवशाला त्यांची थोरली. लग्न करून घनसावंगीकडे दिलेली. मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली, आणि ही एका पिशवीत कपडे नि डोक्यावर शिलाई मशीन घेऊन माहेरी आली. आई गेल्यावर बाप-लेक दोघंच राहिले. तिच्या हाताला सफाई होती. ब्लाऊज शिवायचा तर दैवशालाकडंच, असं आजूबाजूच्या चार गावांत म्हणायचे. धाकटा भाऊ सुग्रीव वाळूजला कंपनीत ठेकेदाराकडं कामाला.

त्या दिवशी आबारावांना जालन्याला नेलं. डोक्यात रक्ताची गाठ निघाली. नऊ दिवस खासगी दवाखाना. सुग्रीवनं जमवून दहा हजार आणले, दैवशालानं कानातलं मोडलं, तरी पुरलं नाही. तेव्हा तिनं फायनान्सच्या महिला गटातून कर्ज उचललं. गट दहा बायकांचा. दर मंगळवारी मीटिंग, दर मंगळवारी हप्ता. एकीनं थकवला तर बाकीच्या नऊ जणींनी भरायचा, अशी अट. गटाची प्रमुख बेबीनंदा, दैवशालाची शाळेपासूनची मैत्रीण. तिनंच सही केली.

आबाराव घरी आले. महिन्याभरात बोलायला लागले, काठी टेकत चालायलाही लागले. पण जो गेला होता तो माणूस काही परत आला नाही. लेकीला ते कधी बायकोच्या नावानं हाक मारायचे, कधी ओळखायचेच नाहीत. जेवल्यावर अर्ध्या तासानं म्हणायचे, सकाळपासून पोटात काही न्हाई. आणि दुपार झाली की उठून निघायचे. मेंढरं पाणंदीत राहिलीत म्हणून.

पाणंद कुठली? त्या जागी आता चार पदरी रस्ता आहे. ट्रक एकामागं एक सुटलेले असतात. मी स्वतः दोनदा त्यांना दुभाजकावरून हाताला धरून आणलं. एकदा ते भर रस्त्यात उभे राहून काठी उगारून ट्रकला हाकत होते आणि मागं वीस गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

मशीनवर बसलेल्या बाईला डोळे कापडावर ठेवावे लागतात. दैवशालाला ते जमेना. धावदोरा घातला की बाप उठला, काजं करायला घेतली की बाप दारात. लग्नसराईत एका नवरीचे पाच ब्लाऊज वेळेवर झाले नाहीत. नवरीच्या आईनं दारात येऊन कापड परत नेलं आणि गावभर सांगितलं. पुढच्या हंगामात गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

औषधांचा खर्च मात्र महिन्याला तोच. रक्त पातळ करायची गोळी, बीपीची, झोपेची. माझ्या वहीत तिची उधारी वाढत गेली. पहिलं कर्ज फिटेना म्हणून तिनं त्याच गटातून दुसरं, मोठं घेतलं. त्यातलं निम्मं पहिल्यातच वळतं झालं. हे मला तेव्हा माहीत होतं. मी काही बोललो नाही. कारण दुसऱ्या कर्जातून तिनं माझे चार हजार दिले होते.

एका मंगळवारी मी तिच्या घरासमोरून जात होतो. दारात सात-आठ बायका बसलेल्या. त्यांची ती रीतच असते. जिचा हप्ता थकला तिच्या दारात जाऊन बसायचं, पैसे निघेपर्यंत उठायचं नाही. आत आबाराव त्या बायकांना पाहुण्या समजून लेकीला ओरडत होते, "अगं, पाव्हण्या आल्या, चहा ठिव की!"

दैवशालानं खरंच चहा ठेवला. बिनदुधाचा. बायकांनी तो घेतला नाही.

शेवटी बेबीनंदानं आपल्या पदराच्या गाठीतून पैसे काढले. "हे शेवटचं, दैवशाला. माझ्याबी घरी हिशोब मागतेत. मी तुझ्यापायी मार खायचा का?"

पुढच्या आठवड्यात दैवशालानं मशीन विकली. अंबडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. मशीन उचलताना ती आत निघून गेली म्हणे. त्या पैशातून थकलेले हप्ते गेले, बेबीनंदाचे गेले. आणि ती रोजंदारीवर कापूस वेचायला जायला लागली.

मग आबारावांजवळ कोण, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. खोटं कशाला बोलू? आला आणि गेला. मला तिच्या उधारीची जास्त काळजी होती. त्याच उधारीसाठी मी एका दुपारी तिच्या घरी गेलो. दार नुसतं लोटलेलं. आत खाटेवर आबाराव बसलेले आणि त्यांच्या उजव्या पायाला सुती दोरी. दुसरं टोक खाटेच्या खुराला. घोट्याला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून मग दोरी बांधलेली, काचू नये म्हणून. हाताशी पाण्याचा तांब्या, एका ताटलीत भाकरीचा काला झाकून ठेवलेला.

आबारावांनी माझ्याकडं बघितलं. "कोण हाय? मला सोड जरा. मेंढरं उपाशी हायती."

मी दोरीला हात लावला नाही. सोडली असती तर तिथं बसावं लागलं असतं, आणि दुकान उघडं होतं. मी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. "दैवशाला, जन्मदात्याला असं बांधून ठेवतात का?"

तिच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. तिनं काउंटरवर शंभराची नोट ठेवली. "न्हाई ठेवत, भाऊ. तुम्ही बसता का त्यायच्याजवळ? दोन वाजेपस्तोर बसा. मी बिलकुल बांधत न्हाई."

मी गोळ्या मोजून दिल्या. दुसरं काय करणार होतो?

बांधलेल्या आबारावांना आणखी कोणीतरी बघितलं. त्यानं मोबाइलवर चित्रण केलं. दोन दिवसांत ते गावाच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं, खाली शिव्या. दैवशाला रस्त्यानं निघाली की पोरं-बाया थांबून बघायच्या. तिसऱ्या दिवशी सुग्रीव आला. त्यानं चौकात, माझ्या दुकानासमोर तिला गाठलं.

"लोकं मला कंपनीत दाखवून राह्यले, आक्का! बाप हाय का जनावर? लाज वाटली न्हाई तुला?"

ती खाली बघत होती. म्हणाली, "तूच घेऊन जा."

"नेतो. मी काय मेलो न्हाई अजून."

त्यानं तिथंच जीप ठरवली. आबाराव पुढच्या सीटवर ताठ बसले, जत्रेला निघाल्यासारखे. दैवशालानं गोळ्यांची पिशवी दिली, कोणती कधी ते सांगितलं. सुग्रीवनं ऐकलं की नाही कोण जाणे.

पुढचे अठरा दिवस तिनं काय केलं ते तिनंच नंतर मला सांगितलं. पहिल्या दिवशी ती संध्याकाळपासून झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर उठली. उठल्यावर आधी खाटेकडं धावली. खाट रिकामी बघून रडली, आणि मग तिला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून पुन्हा रडली. दिवसा कापूस, संध्याकाळी ढाब्यावर भांडी, असं करून तिनं सलग दोन मंगळवार हप्ता स्वतःच्या हातानं भरला. बेबीनंदा तिच्याशी पुन्हा बोलायला लागली.

एकोणिसाव्या दिवशी सुग्रीव बापाला घेऊन परत आला. तो चौकात थांबला नाही. मान खाली घालून सरळ घरी गेला. संध्याकाळी मलम घ्यायला दैवशाला दुकानात आली तेव्हा मला कळलं. आबारावांच्या दोन्ही मुठी सोलल्या होत्या. सुग्रीव आणि त्याची बायको मोनिका, दोघं कामाला जायचे. खोली एकच. बाहेरून कडी लावून जायचे. म्हातारा दिवसभर दारावर मुठी आपटायचा. घरमालकानं खोली रिकामी करा म्हणून सांगितलं.

"काय बोलला सुग्रीव?" मी विचारलं.

"काय बोलंल? उंबऱ्यावर बसला. म्हणला, आक्का, माझ्याकडनं व्हईना. दोन हजार ठेवले अन् गेला." ती मलमाची डबी हातात फिरवत होती. "मला वाटलं व्हतं, त्याला चार गोष्टी सुनवीन. पण त्याचं तोंड बघितलं अन् काईच आलं न्हाई."

त्या दिवसापासून आबाराव उठून जायचे थांबले. बांधायची गरजच उरली नाही. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. घास तोंडात धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत. पाठीला जखमा झाल्या. दैवशाला पहाटे त्यांना पुसून, कूस बदलून कामाला जायची आणि दुपारी धापा टाकत यायची. असे तीन महिने.

चैत्रात एका सकाळी त्यांचा श्वास घरघरायला लागला. बेबीनंदा मला बोलवायला आली. मी माझी गाडी काढली. दैवशालानं बापाचं डोकं मांडीवर घेतलं, बेबीनंदानं पाय धरले, आणि आम्ही अंबडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. छातीत पाणी झालंय म्हणाले. जालन्याला न्या, श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल.

"जल्दी नेलं तर बरे होतील का?" दैवशालानं विचारलं.

"वय बघता... सांगता येत नाही, ताई. प्रयत्न करता येईल."

"खर्चा?"

डॉक्टर म्हणाले, सरकारीत जागा मिळाली तर फार नाही. नाही मिळाली तर खासगीत दिवसाचे हजारो जातील. सरकारीत मी फोन लावून बघितला. त्या घडीला मशीन रिकामी नव्हती, संध्याकाळी विचारा म्हणाले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली. बेबीनंदा माझ्याकडं बघत होती, मी बेबीनंदाकडं. माझ्या खात्यात तेव्हा पैसे होते. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले, पण होते. मी बोललो नाही. बेबीनंदाही बोलली नाही. दैवशालानं आम्हाला फार वेळ अवघडून ठेवलं नाही.

"घरी नेऊ," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत ती मधूनमधून पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांना लावत होती. आबाराव त्या दिवशी ऊन कलताना, घरी, तिच्या मांडीवर गेले. वार सोमवार.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, माती झाली. सुग्रीवनं अग्नी दिला. गटाच्या बायका आल्या होत्या, त्यांनी हप्त्याचा विषय काढला नाही. वसुलीच्या साहेबाचा फोन मात्र आला, तो बेबीनंदानं घेतला आणि बाजूला जाऊन बोलली. त्या आठवड्याचा हप्ता नऊ जणींनी मिळून भरला. दहाव्याला आणि तेराव्याला जो खर्च झाला, तो सुग्रीवनं कोणाकडून तरी उसना काढला. निम्मा आक्काच्या नावावर.

तेराव्यानंतर दैवशाला दुकानात आली. तिला काही नको होतं. काउंटरला टेकून उभी राहिली. म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी मी घरी आणलं. ते आण्णाचे हाल बघून आणलं का पैशाकडं बघून आणलं, मला कळंना. रोज इचार करून राह्यले. बराबर उत्तर येत न्हाई."

मी म्हणालो, "तू जेवढं केलंस तेवढं कोणी करत नाही."

"ते सगळेच म्हणतेत," ती म्हणाली आणि गेली.

जूनमध्ये बेबीनंदाच्या ओळखीनं तिला संभाजीनगरला काम मिळालं. एका बंगल्यात म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले. मुलं परदेशात. चोवीस तास तिथंच राहायचं, जेवण त्यांचं, महिन्याला बारा हजार. पुसणं, भरवणं, कूस बदलणं. दैवशालाला शिकवावं लागलं नाही. दर मंगळवारी ती फोनवरून बेबीनंदाला पैसे पाठवते, बेबीनंदा हप्ता भरते. महिन्यातून दोन दिवस गावी येते, झाडलोट करते, माझ्या उधारीत पाचशे टाकते. मी घेतो.

परवा आली होती तेव्हा मी विचारलं, "कसे आहेत तुझे बंगल्यातले आजोबा?"

"खोकला झालाय त्यायला," ती म्हणाली. आवाजात काळजी होती. मग एसटीकडं बघत तिनं सरळ सांगून टाकलं, "अजून चौदा महिने हप्ते हायती, भाऊ. तवर तरी त्यायनी जगावं म्हणून मी रोज देवापुढं हात जोडते. आण्णासाठी शेवटी शेवटी मी हात जोडायचे, ते त्यायला लवकर ने म्हणून."

गाडी लागली होती. पिशवी सावरत ती चढली. बसायला जागा मिळाली नाही, म्हणून मधेच दांड्याला धरून उभी राहिली.