तीन आठवड्यांची पोस्टिंग

तुम्ही कधी शंभरातून सात, उरलेल्यातून पुन्हा सात, असं वजा करत बसलात का? आमच्या मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्सिंगच्या पोरी पेशंटला हेच करायला लावतात. मी इथली मावशी, दहावी शिकलेली. झाडणं, पुसणं, ताटं वाढणं हे माझं काम. पण कान उघडे असले की किस्से आपोआप गोळा होतात. कपाट आवरायला घ्यावं आणि एका साडीच्या घडीतून दुसरी निघावी, तसं एक सांगायला गेलं की चार निघतात. पेशंटची नावं मात्र मी बदलली आहेत. ती आमची माणसं आहेत.

यंदा तीन आठवड्यांच्या पोस्टिंगवर, म्हणजे वॉर्डात काम शिकायला, आलेल्या बॅचमधल्या दीक्षाचं सांगते. गेवराईकडची पोर. पहिल्या दिवशी वॉर्डाच्या दारात चप्पल हातात घेऊन उभी! मी म्हटलं, "चप्पल हातात कावून गं?"

"मावशी, पळायची वेळ आली तर!"

त्याच दिवशी त्यांच्या शिकवणाऱ्या मॅडमनी तिला कौशल्याबाई नेमून दिल्या. कपिलधारजवळच्या एका गावची चाळिशीतली बाई. बोलत नव्हती, हातानं खात नव्हती. मी चमच्यानं भरवायची, पेजेचे चार घोट जायचे. गोळ्या चालू होत्या. डॉक्टर तिच्या भावाला म्हणाले, "तीन आठवडे बघू. स्वतःच्या हातानं खाल्लं तर इथंच बऱ्या होतील. नाही तर संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

भाऊ मजुरी करणारा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तितक्या लांब माझं येनं हुनार न्हाई मावशी. एकटी पडंल ती."

दीक्षा तिथंच उभी होती. तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून चप्पल बाहेरच्या रॅकवर दिसायला लागली.

* * *

आता ते वजाबाकीचं. पेशंटचं लक्ष लागतं का, हे त्यावरून कळतं म्हणे. दीक्षानं वही उघडली आणि सखारामकाकांसमोर बसली. काकांची उभी हयात माजलगावच्या मोंढ्यात धान्याची पोती मोजण्यात गेलेली.

"काका, शंभरातून सात वजा करा. मग परत सात. असं करत जा."

काका सुरू झाले. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट..."

"काका, हळू!" दीक्षा बोटांवर मोजत होती.

काका थांबतात कुठले! थेट खाली उतरले. "नऊ. दोन. झालं. आता तुझी बारी."

दीक्षा अडखळत अडखळत शहाऐंशीपर्यंत पोचली. काकांनी मोठ्या मायेनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, हिला ठिवून घ्या दोन दिवस. लक्ष लागंना पोरीचं."

* * *

मॅडमची शिकवण अशी की पेशंटला "का" विचारायचं नाही. "का जेवला नाहीत, का रडता, असं विचारलं की माणसाला वाटतं झडती चालली आहे. त्यापेक्षा त्यांचंच वाक्य हळूच परत म्हणा. आपलं कुणी ऐकतंय, असं वाटतं."

दीक्षानं ते मनावर घेतलं. कौशल्याबाईंच्या शेजारच्या खाटेवर गंगाआजी होत्या. दीक्षा त्यांच्याजवळ गेली.

आजी म्हणाल्या, "मला झोप येत न्हाई."

"तुम्हाला झोप येत नाही."

"सून बोलत न्हाई माझ्यासंगं."

"सून तुमच्याशी बोलत नाही."

"पाय लई दुखतेत."

"पाय खूप दुखतात."

आजींनी तिच्याकडं नीट निरखून बघितलं. मग मला हाक मारली. "मावशे, ह्या पोरीला कायतरी इचार. मघापासून माझंच मलाच सांगाय लागलीय!"

मॅडम पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. नंतर त्यांनी समजावलं, की प्रत्येक वाक्य परत म्हणायचं नसतं. मीठ पण आपण चवीपुरतंच घालतो.

* * *

सगळे किस्से दीक्षाचेच नाहीत हं. तिची मैत्रीण रोहिणी. तिच्या वाट्याला आलेले गृहस्थ स्वतःला साखर कारखान्याचे चेअरमन समजायचे. पेशंटच्या अशा समजुतीला होही म्हणायचं नाही आणि वादही घालायचा नाही, असं पुस्तकात आहे. रोहिणीला वाटलं, हो म्हटलं तर बिचाऱ्याला बरं वाटेल.

"नमस्कार चेअरमनसाहेब!"

साहेब खूश. तिथल्या तिथं तिला कारखान्यात नोकरी दिली. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी रोहिणी गोळ्यांचा ट्रे घेऊन गेली. साहेबांनी गोळी बघितली, रोहिणीला बघितलं आणि आवाज चढवला. "मालकाला हुकूम देती? कामावरून काढलं तुला!"

रोहिणी रडत मॅडमकडं. मॅडम म्हणाल्या, "नोकरी गेली ना? बरं झालं. आता त्यांना त्यांच्या नावानं हाक मार आणि झोप कशी लागली ते विचार."

संध्याकाळची गोळी साहेबांनी गुपचूप घेतली. नोकरी काही परत दिली नाही.

* * *

कौशल्याबाईंच्या बाबतीत मॅडमनी दीक्षाला एवढंच सांगितलं होतं. "बोलायला लावू नकोस. नुसतं जवळ बसायचं. गप्प बसणं हेही नर्सचं काम आहे."

आणि बडबडी दीक्षा खरंच बसली! रोज तासभर. कौशल्याबाई भिंतीकडं बघायच्या, दीक्षा पण भिंतीकडं बघायची. दुसरा आठवडा सरत आला तरी दोघी तशाच.

गंगाआजींना राहवेना. "मावशे, खरं सांग. ह्या दोघींतली आजारी कोन्ती?"

मी हसले, पण दीक्षा हसली नाही. जिन्यात मला म्हणाली, "मावशी, आठच दिवस राहिले. माझ्या बसण्यानं काय होणार?"

मी म्हटलं, "काल पेजेचे सहा घोट गेले."

* * *

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून ठेवली होती. शनिवारी भाऊ न्यायला येणार होता.

शुक्रवारी दुपारी आमच्याकडं बायकांना काहीतरी हाताचं काम देतात. त्या दिवशी भाकरी होत्या. विजेची शेगडी, सिस्टर शेजारी उभ्या. कौशल्याबाईंना आणून भिंतीला टेकवून बसवलं. दीक्षा परात घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"आज मी करते!" म्हणाली. हॉस्टेलला राहणारी पोर, घरी सगळं आई करते.

त्यातून ज्वारीचं पीठ जुनं, विरी गेलेलं, चिकटपणा न उरलेलं. पहिली भाकर उचलताना तीन तुकडे झाले. दुसरी कडेनं फाटली, तशीच तव्यावर टाकली. बायका हसायला लागल्या. मी मदतीला उठले, तर मॅडमनी माझा हात धरून ठेवला.

दीक्षाच्या कपाळाला पीठ, डोळ्यांत पाणी. तिसरा गोळा घेतला. तोही चिरला.

"गरम पानी घे."

आवाज इतका बारीक, की मला वाटलं गंगाआजी बोलल्या. गंगाआजी तर तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या.

दीक्षानं मान वर केली नाही. परातीकडंच बघत विचारलं, "किती घेऊ?"

"आगं, आसं न्हाई. सर तिकडं."

कौशल्याबाई पुढं सरकल्या. सिस्टरांनी गरम पाणी ओतून दिलं. त्यांनी पीठ मळलं, गोळा घेतला आणि थापायला लागल्या. सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. भाकर तव्यावर टाकली, उलटली, आणि ती टम्म फुगली!

ती भाकर त्यांनी ताटात ठेवली, वर वांग्याची भाजी घातली आणि ताट दीक्षाकडं सरकवलं.

"खा."

"आन तुमी?" दीक्षानं विचारलं.

कौशल्याबाईंनी दीक्षाची ती फाटलेली भाकर स्वतःच्या पुढ्यात ओढली.

"फुटकी माझी," म्हणाल्या आणि एक तुकडा मोडून तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गावातली जीप घेऊन आला, तेव्हा कौशल्याबाई चहात चपाती बुडवून खात होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली आणि जीप रिकामी परत गेली.