सगळ्या पक्षांची उपरणी

गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बिहारी इस्त्रीवाला वीस वर्षांपासून आहे. निवडणूक आली की सगळ्या पक्षांची उपरणी त्याच्याकडंच येतात. चिन्ह वर राहील अशी घडी घालून तो प्रत्येकावर एकदा तळहात फिरवतो.

यंदा महापालिकेच्या निवडणुकीआधी मतदार यादीतले ‘बाहेरचे’ शोधा, असं आमच्या पक्षानं सांगितलं. त्याच्या नावावर मीच हरकत घेतली. नाव कटलं.

परवा मी मतदार चिठ्ठ्या वाटत होतो. त्यानं हात पुसून पुढं केला.

“तुमचं नाव नाही यादीत.”

“अगली बार फॉर्म तुम्हीच भरून द्या, भाऊ. आपला माणूस असला की काम होतं.”

त्यानं माझ्या गळ्यातलं चुरगळलेलं उपरणं मागून घेतलं, इस्त्री फिरवून परत दिलं. गळ्यात घातलं तेव्हा ते गरम होतं.